अम्माऊसचा डावा हात

अल बर्शा

दुबईला जाऊन आलेला माणूस चारचौघांत बोलायला लागला की मी हळूच चपला शोधायला लागतो. तीच उंच इमारत, तोच सोन्याचा बाजार, तीच वाळूत उडवलेली गाडी. आता मीच जाऊन आलोय, तेव्हा आधीच कबूल करतो की यातलं मी काही पाहिलं नाही. तीन आठवडे तिथे होतो. बहुतेक दिवस मुलीच्या अल बर्शा भागातल्या घरात खिडकीशी बसून गेले, दोन दिवस चारशे वर्षांपूर्वीची ख्रिस्ती छापचित्रं बघण्यात गेले आणि एक दिवस रुवैसला गेला, जिथे पाहायला म्हणून कोणी जात नाही.

माझ्या सामानात चकल्यांच्या डब्याखाली टॉवेलात गुंडाळलेला एक ठसा होता. सागाच्या फळीवर चिकटवलेला लिनोलियमचा तुकडा, त्यावर कोरलेलं चित्र. शाई लावून कागदावर दाबला की चित्र उठतं. विमानतळावरच्या माणसाने तो उलटसुलट करून पाहिला आणि हे काय, असं विचारलं. मी म्हटलं, जेवणाचं चित्र. त्याने डोकं हलवलं आणि जाऊ दिलं. खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं.

आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. वडील मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायचे आणि चर्चच्या पंचांमध्ये होते. पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, उपासनेची पुस्तिका निघायची. बेचाळीस वर्षांपूर्वी तिच्या मुखपृष्ठावर अम्माऊसचं चित्र घालायचं ठरलं. गोष्ट साधी आहे. प्रभूला क्रुसावर दिल्यानंतर दोन शिष्य खचलेल्या मनाने अम्माऊस गावाकडे चालले होते. वाटेत एक अनोळखी माणूस सोबतीला आला. दिवसभर बरोबर चालूनही तो प्रभूच आहे हे त्यांना कळलं नाही. संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्याने भाकर मोडून दिली, तेव्हा कळलं.

हे चित्र कोरायचं काम माझ्या धाकट्या भावाला, मनोहरला मिळालं. तो सतरा वर्षांचा होता. मी मुंबईच्या आर्ट स्कूलमधून सुट्टीला आलो होतो आणि गावात वावरताना ते कोणाला विसरू देत नव्हतो. मनोहरने चित्र कागदावर काढलं आणि माझ्याकडे आणलं. "दादा, तू शिकलायस, तू लिनोवर उतरवून दे," म्हणाला. ठसा छापला की चित्र उलटं पडतं, डावीकडचं उजवीकडे जातं. म्हणून चित्र आधीच उलटं करून ठशावर उतरवायचं असतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी कार्बन ठेवला, वर चित्र सरळच ठेवलं आणि गिरवून दिलं. बोलण्याच्या नादात होतो.

दुसऱ्या दिवशी तो कोरत असताना माझ्या लक्षात आलं. प्रभूचा भाकर देणारा हात कोरून झाला होता. ठशावर तो उजवाच दिसत होता, म्हणून मनोहरला काही वावगं वाटत नव्हतं. कागदावर तो डावा पडणार होता. छपाईला चार दिवस होते आणि कपाटात लिनोचा कोरा तुकडा पडलेला होता. मी काही बोललो नाही.

सणाच्या सकाळी पुस्तिका वाटल्या आणि मंडळीत आधी कुजबुज, मग हसू पसरलं. आमच्याकडे शेजारणीला वाटीभर साखर डाव्या हाताने दिली तरी पोराच्या पाठीत धपाटा बसतो, आणि इथे प्रभू डाव्या हाताने भाकर देत होता. वडिलांनी दारात उभं राहून एकेक मुखपृष्ठ फाडलं आणि सगळ्यांसमोर मनोहरला म्हणाले, "ज्याच्या मनात विश्वास नाही, त्याच्या हातून असंच उलटं पडायचं." मी तीन पावलांवर उभा होतो. त्या दिवशी मनोहर प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या नावाची भाकर घ्यायला, पुढे गेला नाही, आणि नंतरही कधी गेला नाही. कोरणीही त्याने परत हातात धरली नाही. आयटीआय केलं, आखातात गेला, लग्न केलं नाही. दर दोन-तीन वर्षांनी येतो, तासभर बसतो, जातो.

गेल्या वर्षी छापखाना मोडीत निघाला तेव्हा पाळकांनी हा ठसा माझ्या घरी आणून दिला. तुमच्या भावाचं काम, म्हणाले. मला त्याच्यासमोर बसून खरं काय ते सांगायचं होतं. बाकी मुलीची आठवण, नातीचा वाढदिवस हे सगळं लोकांना सांगण्यापुरतं.

मुलगी रूथ आणि जावई सकाळी सातला बाहेर पडत, नात शाळेच्या बसने जाई. मग मी, एसीचा आवाज आणि खाली वाहणारा बारा पदरी रस्ता. मी काही विचारलं की नात इंग्रजीत उत्तर देई आणि मी मान डोलावत असे, निम्मं कळलेलं असे. शेजारच्या दारातली माणसं तीन आठवड्यांत एकदाही दिसली नाहीत, त्यांच्या चपला मात्र रोज बदलायच्या. आमच्या गावी एकटा माणूस ओट्यावर बसला तर अर्ध्या तासात तीनजण चौकशी करून जातात. तिथे मी चार तास खिडकीत बसलो तरी माझ्याकडे बघायला एक कबुतर आलं. मला फार एकटं वाटलं, हे लिहायला कशाला लाजायचं.

प्रदर्शनाची बातमी रूथनेच फोनवर दाखवली. अबुधाबीतल्या एका संग्रहालयात जुनी ख्रिस्ती छापचित्रं आली होती. "बाबा, तुम्ही एकटे जाल ना? शनिवारपर्यंत थांबा, आम्ही ड्रॉप करतो," ती म्हणाली. मी थांबलो नाही. त्याची शिक्षा लगेच मिळाली. अबुधाबीच्या बसपर्यंत जायला मेट्रोत मोकळा डबा बघून चढलो, तो बायकांचा निघाला. एका फिलिपिनो बाईने खाली आखलेली गुलाबी पट्टी बोटाने दाखवली आणि दंड शंभर दिरहम असतो, हे समजावलं. म्हणजे अडीच हजार रुपये झाले की! मी पुढच्या डब्यात असा काही गेलो की बसल्यावरही कोणाकडे बघवेना.

अबुधाबी

संग्रहालय समुद्राकाठी होतं. आत इतकी शांतता की स्वतःच्या सँडलचा आवाज ऐकून ओशाळायला व्हावं. आमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ आणि त्यांचा रमजान यंदा एकाच सुमारास आला होता, त्यामुळे दुपारी गर्दी नव्हती. चार दालनांत मिळून पाच-सहा माणसं असतील.

मी मास्तर असल्यामुळे पाट्या वाचतो. पहिल्या दालनात कळलं की त्या काळी युरोपात ख्रिस्ती लोक दोन गटांत फुटले होते. एक गट संतांच्या चित्रांपुढे गुडघे टेकायचा, दुसरा तीच चित्रं चर्चमधून काढून जाळायचा. आणि छापणारे? ते दोघांनाही माल पुरवायचे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या एका संताच्या डोक्यामागचं तेजोवलय कोणीतरी घासून काढलं होतं आणि खाली नाव बदलून तोच पत्रा दुसऱ्या गटासाठी छापला होता. वाकून बघितलं तर पुसलेल्या वलयाची फिकट कड अजून दिसत होती. त्या कारागिराने वलय घासताना मनात काय म्हटलं असेल, कोण जाणे. कदाचित दिवस लहान आहे, लवकर आटपा, एवढंच.

शेजारी प्रभूच्या मातेचं चित्र होतं. कोण्या मालकाने तिचे डोळे सुईने टोचून काढले होते, आणि नंतरच्या कोण्या मालकाने त्याच भोकांमागे कागदाचे बारीक तुकडे चिकटवून ते बुजवले होते. एकाने फोडलेले डोळे दुसऱ्याने सांधले. मला ते चित्र सोडवेना. मी चर्चला नेमाने जातो, पण बेचाळीस वर्षं भाकर तोंडात घालताना माझा हात कधी सरळ गेलेला नाही. मी कोणत्या गटातला, हे त्या दालनात मला सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दालनात शिरलो आणि थांबलो. समोर अम्माऊस होतं. दोन चित्रं शेजारी शेजारी. पहिल्यात प्रभू उजव्या हाताने भाकर देत होता. दुसरं त्याचीच नक्कल, दुसऱ्या गावच्या कारागिराने स्वस्तात विकायला केलेली. त्याने मूळ चित्र जसंच्या तसं पत्र्यावर उतरवलं होतं आणि छापल्यावर ते उलटं पडलं होतं. प्रभू डाव्या हाताने देत होता. एक शिष्य डाव्या हातात सुरी धरून बसला होता. पाटीवर लिहिलं होतं की अशा उलट्या नकला ढिगाने विकल्या जात आणि घेणारे कुरकुर करत नसत.

ही नक्कल मात्र दोन काचांच्या मध्ये उभी ठेवली होती, मागून बघता यावी म्हणून. मी मागे गेलो. कोण्या खरेदीदाराने कागद खिडकीच्या काचेला लावून चित्र मागच्या बाजूने शाईने गिरवून काढलं होतं. मागून बघितलं की हात उजवा. रेघा थरथरत्या होत्या, हात चित्रकाराचा नव्हता. कोणालातरी तो डावा हात सहन झाला नव्हता.

तिथली पहारेकरीण जवळ आली. केरळची, नाव लिसी, चाळिशीची. "सर, कुछ प्रॉब्लेम है? एक घंटा हो गया," ती म्हणाली. मी तिला हात दाखवला. सहा आठवडे ती त्या चित्रासमोर उभी राहत होती आणि तिला दिसलं नव्हतं. मग तिने काचेला एक पूर्ण फेरी घातली. तिच्या घरी डाव्या हाताने ताट पुढे केलं की आई पळी मारायची, असं तिने सांगितलं. ती मागच्या रेघांकडे बघत राहिली.

"जिसने पीछे से बनाया ना सर, उसको नींद नहीं आई होगी," ती म्हणाली.

मी तिला थँक्यू म्हटलं, ते कशाबद्दल हे तिला कळलं नसणार. बाहेर येऊन मनोहरला फोन लावला आणि उद्या रुवैसला येतो म्हणून सांगितलं. तो म्हणाला, पाणी बरोबर घे, वाटेत काही मिळत नाही.

रुवैस

अबुधाबीहून बसला साडेतीन तास लागतात. एका बाजूला मिठाने पांढरी पडलेली सपाट जमीन, दुसऱ्या बाजूला कधी समुद्राची निळी रेघ, कधी तीही नाही. मध्येच कुंपणापलीकडे चार उंट. सौदीच्या हद्दीकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग संपता संपत नव्हती. आमच्याकडे एवढ्या वेळात दहा गावं, वीस देवळं आणि पन्नास चहाच्या टपऱ्या लागल्या असत्या. बसमधली सगळी माणसं झोपलेली होती, साइटवर परत चाललेली. खिडकीतून बाहेर बघणारा मी एकटाच होतो आणि बघायला काही नव्हतं.

मी एक थांबा आधी उतरलो. सगळे थांबे सारखेच दिसतात. पुढचा दीड किलोमीटर उन्हात पिशवीतल्या ठशासकट चाललो, आणि कामगारांच्या कॅम्पच्या फाटकावर पोचल्यावर कळलं की पास दुपारनंतर साहेब आल्यावर मिळेल. तोवर बसथांब्याच्या काचेच्या खोक्यात बसलो. आत एसी होता. सोबतीला एक माशी होती.

साडेतीनला मनोहर आला. केस पूर्ण पांढरे, चेहरा तांबूस काळा, चालणं मात्र वडिलांचं. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि "जड आहे," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, चकल्या आहेत.

तो तिथल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये मार्किंग करतो, म्हणजे लोखंडी पत्र्यांवर आणि पाइपांवर कुठे कापायचं, कुठे भोक पाडायचं याच्या रेघा आखून देतो. त्याचा खोलीतला जोडीदार दाऊद रत्नागिरीकडचा, वेल्डर, गप्पांचा भुकेला. रोजा असूनही त्याचं तोंड थांबत नव्हतं. संध्याकाळी अजान झाल्यावर त्याने खजूर पुढे ठेवले, भजी ठेवली, आणि मनोहरची तारीफ सुरू केली.

"चाचा, आपला मनोहरभाई म्हणजे गॅरंटी. लेफ्टचा पीस राइटला लागला तर पूरा लोड स्क्रॅप जातो. पण याच्या हातून? कभी नहीं. याच्या पॉकेटमध्ये तो आरसा बघा."

मनोहर नको म्हणत असताना दाऊदने त्याच्या शर्टाच्या खिशातून पत्त्याएवढा आरसा काढून मला दाखवला. कडा झिजलेल्या, मागचा पारा उडालेला. प्रत्येक ड्रॉइंग तो आधी आरशात बघतो, मगच रेघ मारतो. दाऊद सांगत होता की इंजिनियर हसतात, पण दोनदा या आरशाने त्यांची नोकरी वाचवली आहे. मी आरसा हातात घेतला. त्यात माझाच चेहरा दिसला आणि मी तो घाईने परत दिला.

जेवताना मनोहर सगळ्यांना वाढत होता. त्याचं उजवं मनगट जुन्या भाजण्याने आखडलं आहे. डाळीची वाटी उचलताना दुखतं हे दिसत होतं, तरी प्रत्येक वस्तू त्याने उजव्या हातानेच दिली. दाऊद म्हणाला, "किती बोललो, डाव्याने दे ना भाई, दुखतं तर. ऐकत नाही. हम मुसलमानों से भी कडक है."

मनोहर हसला. मी हसलो नाही.

दाऊद नमाजाला गेला तेव्हा खोलीत आम्ही दोघंच उरलो. पलंगाखाली पिशवी होती. वाक्य जिभेवर होतं. मी विचारलं, "मनगटाला काही लावतोस का?" तो म्हणाला, "मलम आहे." मग त्याने रूथची चौकशी केली, मी गावच्या पाण्याची हकिकत सांगितली, आणि परतीच्या बसची वेळ झाली. बसमध्ये बसल्यावर मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की शाळेतल्या एकाही पोराला कधी दिल्या नसतील. पिशवी मांडीवर होती. चकल्या तिथे दिल्या होत्या, ठसा परत चालला होता.

बस सुटण्यापूर्वी मात्र एक गोष्ट केली. रविवारी सुट्टी आहे ना, विचारलं. एक चित्र दाखवायचं आहे, ये. तो म्हणाला, "चित्र?" आणि नाही म्हणाला नाही.

पुन्हा अबुधाबी

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. साडेतीन तास बसून आला होता आणि तितकेच जाणार होता. दारावर पिशवी यंत्रातून गेली, ठसा लॉकरमध्ये ठेवायला लावला. मनोहरने विचारलं नाही त्यात काय आहे ते.

पहिली दोन दालनं तो हात पाठीमागे बांधून फिरला. चित्रात काय आहे यापेक्षा रेघ कशी मारली आहे याकडे त्याचं लक्ष होतं. एका संताच्या दाढीकडे बघून म्हणाला, "एका झटक्यात ओढलीय. उचललाच नाही हात." इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून कोरणीबद्दल शब्द निघाला होता. मला वाटलं, इथेच थांबावं, पुढे नेऊच नये.

मग अम्माऊस. तो मूळ चित्रापुढून नकलेपुढे गेला आणि त्याचे बांधलेले हात सुटले. मी पाटी वाचून समजावली. तो काचेमागे जाऊन आला. मग चित्राकडे पाठ करून उभा राहिला, खिशातून आरसा काढला आणि खांद्यावरून चित्र आरशात बघायला लागला. लिसी दोन पावलं पुढे आली, माझ्याकडे बघून परत जागेवर गेली.

"म्हणजे यांच्याकडूनपण झालं," तो म्हणाला.

"झालं."

"याचा विश्वास होता का, दादा? ज्यानं केलं त्याचा?"

मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही, पोटासाठीही केलं असेल.

"माझा होता," मनोहर आरशात बघतच म्हणाला. "त्या चार-पाच दिवसांत जेवढा होता, तेवढा नंतर कधी झाला नाही. हात कोरताना मी प्रार्थना करत होतो. आणि तोच हात उलटा पडला. मग मला वाटलं, बाबा म्हणतात तसंच असणार. माझ्या आत काय आहे हे मला कळत नाही, देवाला कळलं."

आता गप्प राहिलो असतो तर माझा कशावरच हक्क उरला नसता, ना चर्चवर, ना चित्रांवर.

"मनोहर, देवाने काही केलं नाही. तुझं चित्र ठशावर मी सरळ उतरवलं. उलटं करून उतरवायचं मी विसरलो."

त्याने आरसा खाली घेतला. वळला नाही.

"तू?"

"मी."

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी. तुझं हात कोरणं झालं होतं."

"म्हणजे चार दिवस होते."

"होते."

"कपाटात लिनोचा तुकडा होता."

तोही त्याच्या लक्षात होता. मी होता म्हटलं.

"मग?"

या प्रश्नाची उत्तरं मी वर्षानुवर्षं तयार केली होती. लाज वाटली, बाबांची भीती होती, वाटलं कोणाच्या लक्षात येणार नाही. सगळी थोडी थोडी खरी. त्यातलं एकही मी दिलं नाही. "तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता," म्हटलं. "मला बघवलं नाही."

त्याने आरसा खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं आणि पुढच्या चित्राकडे गेला. ते बघून झाल्यावर त्याच्या पुढच्या. मी मागे चालत होतो, मध्ये दोन माणसांचं अंतर ठेवून. चौथं दालन त्याने एकही पाटी न सोडता बघितलं, आणि इंग्रजी त्याला फारसं वाचता येत नाही.

बाहेर समुद्राकडच्या बाकावर बसल्यावर मी टॉवेल सोडून ठसा त्याच्या मांडीवर ठेवला. लिनो वाळून कडक झाला होता, एका कोपऱ्याचा तुकडा पडला होता. त्याने प्रभूच्या हातावरून अंगठा फिरवला. मग सतरा वर्षांच्या मनोहरने कोरलेल्या टेबलावरून, भाकरीवरून. "बाबांना माहीत होतं?" त्याने विचारलं. नाही, मी म्हटलं. "बरं झालं," तो म्हणाला. कोणासाठी बरं झालं, हे मी विचारलं नाही. त्याने ठसा टॉवेलात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवला.

त्याची बस साडेसातला होती. बस स्टँडजवळच्या कॅफेटेरियात गेलो तेव्हा अजानला दहा मिनिटं होती. सगळी टेबलं भरलेली, ड्रायव्हर, मजूर, एक म्हातारा पठाण, आणि प्रत्येकाच्या पुढे खजूर, पाणी, डाळ आणि खबूस, म्हणजे तिथली मोठी गोल रोटी. कोणी हात लावत नव्हतं. आम्हाला रोजा नव्हता, पण एवढ्या माणसांत आपण सुरुवात करणं बरं दिसेना, म्हणून आम्हीही थांबलो. बाकावरून उठल्यापासून मनोहर माझ्याशी बोलला नव्हता. समोरासमोर बसलो होतो आणि मी बघत होतो टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे. मुलीच्या घरी खिडकीत बसून वाटलं होतं तो एकटेपणा काहीच नव्हता, हे मला तिथे कळलं.

अजान झाली. सगळ्या टेबलांवर एकदम हालचाल झाली. मनोहरने आमच्यातला खबूस उचलला आणि दोन्ही हातांनी मोडला. एक तुकडा आपल्या ताटात ठेवला. दुसरा त्याच्या उजव्या हातात होता. त्याने त्या तुकड्याकडे क्षणभर बघितलं, तो डाव्या हातात घेतला आणि डावा हात टेबलावरून माझ्यापुढे धरला.

शेजारच्या पठाणाने मान वळवून बघितलं. मनोहरने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो माझ्याकडे बघत होता, त्या सकाळपासून पहिल्यांदाच सरळ.

"घे, दादा."

त्या हातात राग होता की माफी, हे मला तेव्हा कळलं नाही आणि घरी येऊन दीड महिना झाला तरी कळलेलं नाही. मी दोन्ही हात पुढे केले, तुकडा घेतला आणि खाल्ला. मग त्याने डाळीची वाटी माझ्याकडे सरकवली, तीही डाव्याच हाताने, मनगट न दुखवता.